साडेबारा सेकंदांचा मच्छिंद्र

महाळुंगे पडवळमध्ये मच्छिंद्रला सगळे टायमरवाला म्हणत, आणि हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला पाडून घेतलं होतं. दुकानाच्या पत्र्यावर 'सायंटिफिक मोटार रिवायंडिंग वर्क्स' असं लिहून घेताना त्यानं पेंटरला खाली एक जास्तीची ओळ घालायला सांगितली, 'सर्व प्रकारचे टायमर बसवून मिळतील'. पेंटर घाईत होता. त्यानं टायमरच्या जागी टायगर लिहिलं. आजूबाजूच्या उसात बिबटे फिरत असताना ही पाटी दोन दिवस तशीच लटकत राहिली आणि लोक मुद्दाम सायकली थांबवून विचारू लागले, "पट्ट्याचा हाय का ठिपक्याचा?" तिसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं स्वतः ब्रश घेऊन 'ग'चा 'म' केला. तो म जरा पोट सुटल्यासारखा दिसायचा, पण वाचता यायचा.

तो मूळचा आणे गावचा. बाप भिमा मेंढरं राखायचा आणि दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचा. पोरानंही तेच करावं अशी बापाची साधी अपेक्षा होती. पण मच्छिंद्रला मेंढरांचा कंटाळा होता. मेंढरू बिघडलं की ते उघडून बघता येत नाही, ही त्याची मुख्य तक्रार. सतराव्या वर्षी तो भोसरीला एका वायंडिंगच्या दुकानात शिरला, चार-पाच वर्षं तिथं तांब्याच्या तारा गुंडाळत बसला आणि त्र्याण्णव साली स्वतःचा धंदा टाकायला निघाला. आण्याच्या पठारावर पाणी नाही, म्हणजे मोटारी नाहीत, म्हणजे त्या जळतही नाहीत. महाळुंग्यात विहिरी होत्या आणि विहिरीविहिरीला मोटर होती. तो इथं आला, हिराशी लग्न केलं आणि टिकला.

टायमरचं वेड त्याला इथंच लागलं. त्या काळी लाईट कधी येईल ते लाईटलाही माहीत नसायचं. म्हणून प्रत्येकानं मोटारीला ऑटो बसवलेला. लाईट आली की शंभर-सव्वाशे मोटारी एकाच क्षणी उठायच्या आणि गावच्या ट्रान्सफॉर्मरची डीपी उडायची. मच्छिंद्रनं देवळात सगळ्यांना बसवून समजावलं, प्रत्येकाच्या स्टार्टरला टायमर टाकू, कुणाचा अर्ध्या मिनिटाचा, कुणाचा एक मिनिटाचा, कुणाचा दोन, म्हणजे मोटारी रांगेनं सुरू होतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी टायमर बसवून घेतले. आणि घरी गेल्यावर प्रत्येकानं डबी उघडून आपला काटा गुपचूप शून्यावर नेऊन ठेवला, कारण आपलं रान आधी भिजलं पाहिजे. डीपी पुन्हा उडाली. मोटारी जळाल्या, त्यांचं वायंडिंग मच्छिंद्रनंच पुन्हा भरून दिलं. पण त्याच्या मनात ते राहिलं. आपण केलेली वस्तू बरोबर होती, माणसांनी ती बिघडवली, असं तो पुढं दहा वर्षं सांगत होता.

दोन हजार सहा साली कुंडलिक चासकर गावी परत आला. साळूबाईचा हा मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर झाला, तीन वर्षं अमेरिकेत राहिला आणि आता नोकरीतून वर्षभराची सुट्टी काढून, मातीशी नातं जोडायला म्हणून आला होता. मातीशी नातं जोडण्यासाठी त्यानं आधी दहा गुंठ्यांवर प्लास्टिकचं पॉलिहाऊस उभं केलं आणि जरबेराची रोपं थेट जमिनीत न लावता बाहेरून आणलेल्या लाल मातीच्या गादीवाफ्यांवर लावली. गावात तो कुंडलिकचं आखूड करून केडी या नावानं फोन उचलायचा. साळूबाईला वाटायचं, पोराला उचकी लागलीय.

त्या पॉलिहाऊसमध्ये पाण्याचा फवारा उडवायचे फॉगर होते, आणि ते दर दहा मिनिटांनी वीस सेकंद चालवायचा टायमर मच्छिंद्रनं बसवला होता. एक दिवस कुंडलिक मोबाईलमधलं घड्याळ लावून फॉगरखाली उभा राहिला. शर्ट भिजला, तरी हलला नाही.

"अरे, करेक्ट वीस सेकंद!" तो ओरडला.

"मंग? गुरवाच्या घंटंवर चालतंय व्हय?" मच्छिंद्र म्हणाला.

"मच्छिंद्र, असा टायमर माझ्या ग्राइंडरला बसवशील?"

"बेंच गिरंडर?"

"कॉफीचा."

मच्छिंद्र वयानं सात-आठ वर्षांनी मोठा होता, पण कुंडलिक त्याला अरे-तुरे करायचा. मच्छिंद्र त्याला भाऊ म्हणायचा. अमेरिकेत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात असं कुंडलिक सांगायचा. ती पद्धत त्यानं इथं फक्त एका बाजूनं चालू केली होती.

स्वयंपाकघरात ओट्याचा अर्धा भाग कॉफीनं व्यापला होता. एक चकचकीत मशीन, शेजारी तो ग्राइंडर, त्याच्याशेजारी अमेरिकेच्या विजेसाठी दोनशे तीसचे एकशे दहा व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर, आणि सोनार वापरतात तसला छोटा काटा. साळूबाईच्या चहाचं पातेलं कोपऱ्यात सरकवून ठेवलं होतं. कुंडलिकनं प्रात्यक्षिक दाखवलं. बटण दाबलं, ग्राइंडर कोकलला, गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसका देऊन उभी राहिली. बटण बंद केलं. भुगा काट्यावर ठेवला. चिमूटभर काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा दोन दाणे टाकून दळले.

"अठरा ग्रॅम पाहिजेत. जास्त झाले तर कडू, कमी झाले तर आंबट. टायमर असला की एकदा दाबायचं, बरोबर अठरा ग्रॅम पडले की बंद."

"काटा हाय की तुमच्याकडं. मोजून घ्यायचं."

"रोज सकाळी तीन-चार मिनिटं जातात त्यात."

वर्षभराची सुट्टी घेतलेल्या माणसाला तीन-चार मिनिटांची एवढी टंचाई कशी पडते, हे मच्छिंद्रला कळलं नाही. पण सगळ्या प्रकारचे टायमर बसवून देतो असं पाटीवर लिहिलेल्या माणसाला नाही म्हणता येत नव्हतं.

"असल्या चमच्याएवढ्या कोफीसाठी एवढा उपद्व्याप?" साळूबाई चहा गाळता गाळता म्हणाली. "मच्छिंदर, ती चक्की चालू झाली का म्हस दूध चोरती बघ. टायमर नगं, फ्यूजच काढून ने तिचा."

मच्छिंद्रनं ग्राइंडर दुकानात नेला, सोबत तो ट्रान्सफॉर्मर आणि कुंडलिकनं दिलेलं कॉफीच्या बियांचं पाकीट. पहिला टायमर त्यानं स्टार्टरला लावतात तोच लावला, पत्र्याच्या पेटीत, मोठ्या कॉन्टॅक्टरसह. पेटी ग्राइंडरच्या दुप्पट झाली आणि बटण दाबलं की खट्याक असा आवाज यायचा, जणू पाच एचपीची मोटर उचलतेय. कुंडलिक बघायला आला.

"हे विहिरीवर बसवायचंय का?" त्यानं विचारलं.

हे मच्छिंद्रला लागलं. दुसऱ्या दिवशी तो एसटीनं पुण्याला गेला, तापकीर गल्लीत दुपारपर्यंत फिरला आणि आकड्यांचा टायमर घेऊन आला. त्यात काटा नव्हता, बोटानं फिरवायचे तीन आकडे होते आणि सेकंदाचा दहावा भागही लावता यायचा. सोबत काडेपेटीएवढा रिले. एकदा बटण दाबलं की रिलेनं मोटर धरून ठेवायची आणि वेळ भरली की सोडायची. वायरिंग त्यानं असं सुबक केलं की एकही तार दिसू नये. ग्राइंडरच्या बुडाखाली जागा होती, तिथं सगळं बसवलं, दर्शनी बाजूला पत्रा कापून आकड्यांची खिडकी केली आणि कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या. भोसरी सोडल्यापासून एवढं मन लावून त्यानं काही केलं नव्हतं. हिरा जेवायला बोलवत होती तर तो म्हणाला, थांब, तीन दशांश जास्त जातंय.

आता मुद्दा चाचणीचा. बारा सेकंद लावून दळायचं, सोनाराकडून आणलेल्या काट्यावर मोजायचं, आकडा बदलायचा, पुन्हा दळायचं. चौदा-पंधरा वेळा दळल्यावर पाकीट संपलं. पण मच्छिंद्रची खात्री अजून पटली नव्हती. बंद होताना रिले कधी कधी जरा रेंगाळतो असा त्याला संशय होता. कॉफी मंचरमध्ये मिळत नव्हती, आणि ग्राइंडर रिकामा फिरवून उपयोग नव्हता, त्याला पोटात काहीतरी लागत होतं.

"हिरा," त्यानं आत हाक मारली, "फुटाणं हायेत का गं डब्यात?"

फुटाणे होते. ते छान दळले. रिलेही रेंगाळत नव्हता. किलोभर फुटाण्यांचं पीठ झालं तेव्हा कुठं मच्छिंद्रचं समाधान झालं. हिरानं त्या पिठाचे लाडू वळले. मच्छिंद्रनं ब्लोअरनं ग्राइंडर बाहेरून झकास फुंकला, आतून जमेल तेवढा फुंकला, आणि शनिवारी सकाळी नेऊन दिला. फुटाण्यांचं त्यानं कुंडलिकला सांगितलं नाही. खोटं बोलावं असं त्याच्या मनात नव्हतं. नुसतं, सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

कुंडलिकनं नवं पाकीट फोडून आकडा साडेबारावर ठेवला. बटण दाबलं. साडेबारा सेकंदांनी ग्राइंडर थांबला. काट्यावर अठरा पूर्णांक एक. कुंडलिकनं मच्छिंद्रच्या पाठीवर थाप मारली. मच्छिंद्रला थाप आवडली नाही, पण अठरा पूर्णांक एक आवडलं.

दुपारी एक वाजता बोलावणं आलं. काट्यावर चौदा पडत होते.

मच्छिंद्रनं खिशातला मीटर लावला. व्होल्टेज एकशे सत्तर. "वेळ बरोबर हाय भाऊ. लाईट हलकी हाय. दुपारी समद्यांच्या मोटारी चालू असत्यात. चक्की हळू फिरती, मंग साडेबारा सेकंदांत कमीच दळणार."

"मग टायमरचा काय उपयोग?"

"टायमर वेळ मोजतो. लाईट मोजायचा टायमर सरकारनं काढला न्हाई अजून."

संध्याकाळी पुण्याहून पाहुणे येणार होते, कुंडलिकचा जुना बॉस आणि त्याचा एक दाढीवाला मित्र. हा मित्र पुण्यात लोकांना कॉफी कशी प्यायची ते शिकवायचे क्लास घ्यायचा, आणि लोक क्लासला जायचे. कुंडलिकचा चेहरा उतरला. मच्छिंद्रनं दुकानातला स्वतःचा स्टॅबिलायझर आणून जोडला आणि पाहुणे असेपर्यंत तिथंच थांब, असं कुंडलिकनं सांगितल्यामुळे ओट्यापाशी उभा राहिला. साळूबाईनं त्याला चहा दिला.

पाहुणे आले. पॉलिहाऊस बघून झालं, मातीबद्दल बोलून झालं. मग सगळे ओट्याभोवती जमले. कुंडलिकनं बटण दाबलं, सगळ्यांनी श्वास धरला, साडेबारा सेकंदांनी ग्राइंडर थांबला. मशीननं बोटभर कपांत काळी धार सोडली. वर फेस आला, आणि नेहमीपेक्षा दाट आला.

दाढीवाल्यानं कप नाकाखाली फिरवला. घोट घेतला. डोळे मिटले. स्टॅबिलायझर मध्येच कटकट करत होता.

"नटी आहे," तो म्हणाला.

मच्छिंद्रला वाटलं, नारायणगावच्या तमाशाचा विषय निघाला. तो जरा पुढं सरकला.

"खूपच नटी," बॉस म्हणाला. "आणि बॉडी बघ काय आहे! केडी, हे बीन्स कुठले?"

"बीन्स नेहमीचेच," कुंडलिक नम्रपणे म्हणाला, म्हणजे नम्रपणा दिसेल असा म्हणाला. "मी डोसिंग परफेक्ट केलंय. सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. त्यामुळं बीन्समध्ये लपलेली चव बाहेर येते."

"भाजलेल्या दाण्यासारखी चव आहे. मातीची सुद्धा," दाढीवाला डोळे न उघडता म्हणाला. "गावाचं पाणी असेल. हे शहरात होणार नाही."

भाजलेला दाणा म्हटल्यावर मच्छिंद्रच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं साळूबाईकडं पाहिलं. साळूबाई त्याच्याकडं पाहत होती. दुपारी हिरानं तिच्याकडं चार लाडू पाठवले होते आणि पीठ कुठं दळलं तेही सांगितलं होतं. साळूबाईनं पदर तोंडाला लावला आणि खोकल्याचं निमित्त करून ती परसात गेली. मच्छिंद्र मात्र अडकला. त्यानं स्टॅबिलायझरच्या काट्यावर नजर लावली आणि पाहुणे जाईपर्यंत काढली नाही.

दोघांनीही दोन-दोन कप घेतले. बॉस जाताना म्हणाला, तुझी सुट्टी संपली की बोलू, एवढी शिस्त असलेला माणूस मला हवाय. टायमर कुणी बसवला ते कुणी विचारलं नाही. कुंडलिकनंही सांगितलं नाही.

पुढच्या दोन-चार दिवसांत ग्राइंडरच्या पोटातलं पीठ संपलं आणि चव गेली. कुंडलिक अस्वस्थ झाला. आकडा साडेबारावरून बारा पूर्णांक सात, मग बारा पूर्णांक चार, असं त्याचं सुरू झालं. वहीत तो तक्ता लिहू लागला, सेकंद, ग्रॅम, व्होल्टेज, पाण्याची चव. जरबेराला पाणी सोडायचं राहून जाऊ लागलं. मच्छिंद्रला दर दोन दिवसांनी बोलावणं. तो यायचा, टायमर उघडायचा, काहीच बिघडलेलं नाही म्हणून बंद करायचा.

तिसऱ्या खेपेला कुंडलिक चिडला. "मच्छिंद्र, तुझा टायमर ड्रिफ्ट होतोय. पहिल्या दिवशी बरोबर होता, आता चुकतोय. शेवटी हे गावठी काम."

आता मच्छिंद्र खोटं सहन करणारा माणूस होता. आयुष्यभर लोकांनी त्याच्या तोंडावर मोटर आपोआप जळाली असं सांगितलं होतं आणि त्यानं ऐकून घेतलं होतं. फुटाण्यांचंही तो मरेपर्यंत पोटात ठेवू शकला असता. पण टायमर चुकतोय हे त्याला ऐकवलं नाही.

"टायमर न्हाई चुकला," तो म्हणाला. "टायमर पयल्या दिवशीपण बरोबर व्हता आन आजपण बरोबर हाय. तवा चक्कीत फुटाणं व्हतं."

"काय होतं?"

"फुटाणं. तुमचं पाकीट संपलं, मंग टेस्टिंगला घरचं फुटाणं दळलं. त्याचं पीठ आत ऱ्हायलं आसंल. त्या दाढीवाल्या पावण्यांना ग्वाड लागलं ते आमच्या हिराचं फुटाणं व्हतं."

कुंडलिक खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग बॉस आला, मग दाढीवाला आला. दाराआड साळूबाई उभी होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या, कारण ती हसू दाबत होती. मच्छिंद्रनं पकडी-पान्याची पिशवी उचलायची तयारी केली.

"किती ग्रॅम?" कुंडलिकनं खालच्या आवाजात विचारलं.

"आं?"

"फुटाणे. आत किती राहिले असतील?"

त्या दिवसापासून कुंडलिक मच्छिंद्रला तुम्ही म्हणू लागला. आधी मच्छिंद्रराव, मग लोकांसमोर मच्छिंद्रशेठ. रस्त्यात भेटला की मोटरसायकल थांबवून हिराची चौकशी करायचा. मच्छिंद्र मंचरला, आणि कुणास ठाऊक पुण्यालासुद्धा, ही गोष्ट सांगेल याची त्याला धास्ती होती. मच्छिंद्रला हे चार-सहा दिवस फार आवडलं. त्यानं हिराला सांगितलं, बघ, माणूस शिकलेला असला की गुण ओळखतो. हिरा म्हणाली, "गुण न्हाई, भ्यालाय त्यो." मग त्याला ते आवडेनासं झालं. सतरा वर्षांचा असल्यापासून हात काळे करून जे मिळालं नाही ते पसाभर फुटाण्यांनी मिळालं होतं, आणि जो टायमर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत बरोबर चालत होता त्याबद्दल कुणी एक शब्द काढत नव्हतं. गावात मात्र गोष्ट पसरली. ती मच्छिंद्रनं नाही, साळूबाईनं पसरवली, दळणाच्या गिरणीत, आणि तिनंही टायमरचा भाग गाळूनच सांगितली.

कुंडलिकनं फुटाणे घालून काही दिवस प्रयोग केले. दर अठरा ग्रॅमला एक ग्रॅम, दीड ग्रॅम. तक्त्यात 'एफ' नावाचा नवा रकाना आला. पण पहिल्या दिवसाची चव काही आली नाही, किंवा आली असेल तर डोळे मिटून ती सांगणारं कुणी समोर नव्हतं. उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यानं पॉलिहाऊसचं प्लास्टिक फाडून पार कळंबच्या रस्त्यापर्यंत नेलं. लोडशेडिंग बारा तासांवर गेलं. बॉसचा फोन आला आणि कुंडलिकनं मातीशी जोडलेलं नातं वर्षाच्या आतच सोडलं.

निघायच्या दिवशी त्यानं मशीनचे ट्रान्सफॉर्मर-बिन्स्फॉर्मर सोडवायला मच्छिंद्रला बोलावलं. सामान खोक्यात भरलं जात होतं. शेवटी ग्राइंडर आणि मशीन राहिलं तेव्हा कुंडलिक थबकला.

"मच्छिंद्रशेठ, तुम्ही ही कॉफी कधी घेतली का हो?"

"न्हाई. कुणी दिलीच न्हाई."

कुंडलिक ओशाळला. त्यानं घाईनं पाणी भरलं आणि बिया टाकल्या. बटण दाबलं. मच्छिंद्र कपाकडं बघत नव्हता, ग्राइंडरच्या खिडकीकडं बघत होता. एका हातानं त्यानं कडेचा पत्रा चाचपला. अजून गुळगुळीत होता. मोटर थांबली, अगदी जिथं थांबायची तिथं. दोघांचीही मान नकळत हलली.

बोटभर कप पुढं आला. मच्छिंद्रनं एक घोट घेतला. कडुलिंबाचा पाला वाटून गरम केल्यासारखं लागलं. कुंडलिक तोंडाकडं बघत होता, त्या दाढीवाल्याकडं बघत होता तसाच.

"कशी आहे?"

मच्छिंद्रनं घोट गिळला. छान म्हणायला तोंड उघडलं होतं, पण जमलं नाही.

"साखर हाय का वो घरात?"

कुंडलिकच्या चेहऱ्यावर क्षणभर तीन वर्षांची अमेरिका उभी राहिली. मग तो उठला, आईचा डबा उतरवला आणि त्याच्यासमोर ठेवला. मच्छिंद्रनं तीन चमचे टाकले, कपातून अर्धी कॉफी बशीत सांडली, आणि ढवळून ढवळून बशीतूनच प्याला.

"आता बरी हाय," तो म्हणाला.

"दूध देऊ का रं?" साळूबाईनं चुलीपासून विचारलं, आणि कुंडलिक काही बोलायच्या आत तिनं पातेलं उचललं.